नुसते ‘नको’ कुठे आहे?

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि स्वस्थ पडून राहणे माझ्या नशिबात नाही. आताही बघा, चामड्याच्या कातरणांमध्ये ठेवलेला आहे, तरी मधूनच थरथरतो. काचेचा कोपरा तडकला आहे. बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नाही. तरी मला अजून कुणी कपाटात टाकलेले नाही, याचेच मला अप्रूप वाटते.

माझा जन्म एका लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांच्या हातांत मोजे असत, त्यामुळे माणसाच्या बोटांचा खरा स्पर्श मला दुकानात आल्यावरच कळला. आधी मी एका कॉलेजातल्या मुलीकडे होतो. तिला नवा मोबाइल मिळाला आणि तिने मला आपल्या मावशीला देऊन टाकले. या मावशीला सगळी गल्ली ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई बूट शिवते. ज्या मुलांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी ती एका बुटाचा तळ उंच करते, पण अशा हातोटीने की बघणाऱ्याला दोन्ही बूट सारखेच दिसावेत. हे काम तिला तिच्या वडिलांनी शिकवले. अप्पा आता फक्त चामडे कापतात आणि लेकीच्या टाक्यांना नावे ठेवतात.

ताईने माझ्याकडून बुटांचे फोटो काढले आणि एका ऑनलाइन बाजारात आपले दुकान मांडले. कुठल्या कुठल्या गावांहून मागण्या येऊ लागल्या. मी वाजलो की अप्पा म्हणत, “बोलावतोय बघ तुझा लाडका.” तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा!

मग त्या बाजाराने स्वतःचे पाकीट काढले. हे खिशातले पाकीट नव्हे. पैसे देण्याघेण्याची बाजाराचीच सोय. ताईने सगळ्या अटी वाचल्या. विक्रीचे पैसे आधी त्या पाकिटात अडकून राहणार होते, आणि लगेच हवे असतील तर त्याच बाजारात खर्च करावे लागणार होते. तिचा चामड्याचा व्यापारी तर त्या बाजारात नव्हताच. तिने पाकीट घेतले नाही.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. बाजार उघडला की माझ्या काचेवर अंगठ्याएवढे हिरवे बटण येई: ‘पाकीट सुरू करा’. त्याच्याखाली मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत ‘आत्ता नको’. नुसते ‘नको’ कुठेच नव्हते. ताई रोज ‘आत्ता नको’ दाबायची आणि मी रोज पुन्हा तेच विचारायचो. काय करणार? वरून येईल ते दाखवायचे, एवढेच माझे काम.

हळूहळू ताईचे बूट यादीत खाली खाली गेले. मागण्या आटल्या. तिने बाजाराच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या माणसाने फार गोड आवाजात सांगितले की सक्ती कुणावरच नाही, फक्त पाकीटवाले विक्रेते आधी दिसतात. ताई मला उचलायची, बघायची, ठेवायची, दोन टाके घालायची आणि पुन्हा उचलायची. तिची एक शिवण वाकडी गेली, तेव्हा अप्पा वैतागले.

“एवढं अडून कशाला बसायचं? दाब ते हिरवं.”

“आज पाकीट घ्या म्हणतात, अप्पा. उद्या चामडंही आमच्याकडूनच घ्या म्हणतील.”

अप्पा पुन्हा चामड्याकडे वळले.

अशातच एका आजोबांचा निरोप आला. त्यांना नातीसाठी बूट हवे होते. ती आता भिंत धरून चालू लागली होती. पण पैसे द्यायला गेले की समोर पाकीटच येई आणि आधी चेहऱ्याचा फोटो मागे. आजोबा घाबरून परत फिरत. ‘मी बँकेतून द्यायला तयार आहे,’ त्यांनी लिहिले होते, ‘दुसरा रस्ता आहे का?’

ताईने स्वतःचा फोन नंबर लिहून पाठवला. बाजाराने आकड्यांच्या जागी फुल्या टाकल्या. तिने तो अक्षरांत लिहिला, तर उलट ताकीद आली: पुन्हा असे केलेत तर दुकान बंद. तिने मला बाकावर ठेवले आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागली. रस्ता माझ्याच पोटात होता, पण मला वाचा कुठे?

अचानक ती थांबली. “गिऱ्हाईक होऊन बघते,” ती म्हणाली.

विक्रेत्याच्या खात्यातून बाहेर पडून ती साधी ग्राहक म्हणून आत शिरली. स्वतःचाच बूट घ्यायला निघाली. हिरवे बटण आले. तिने ते दाबले नाही, पान वर सरकवले. आणखी सरकवले. अगदी तळाशी, जाहिरातीच्याही खाली, ‘इतर पर्याय’ असे दोन पुसट शब्द होते आणि त्यांच्या आत बँक होती.

तिने आजोबांना एकेक पायरी समजावून लिहिली. त्यात नंबर नव्हता, म्हणून निरोप पोचला. मग मात्र काहीच येईना. ताई काच पुसून पुसून बघत होती. माझ्याकडे कधी न पाहणारे अप्पासुद्धा दोनदा येऊन वाकून गेले. अखेर मी वाजलो. बुटांचे पैसे बँकेतून भरले गेले होते. मागोमाग कागदावर गिरवलेल्या दोन इवल्या पावलांचा फोटो आला आणि अप्पांनी त्या मापाने चामडे कापायला घेतले.

काही आठवड्यांनी आजोबांनी अभिप्रायाच्या जागी एक चित्रफीत टाकली. एक मुलगी भिंत सोडून अंगण ओलांडत होती. अप्पांनी मला डोळ्यांजवळ धरले. “टाच टेकतेय,” ते म्हणाले. “पुरी टेकतेय.” ताईच्या टाक्यांना त्या दिवशी त्यांनी नावे ठेवली नाहीत.

ताईचे दुकान अजून तळाशीच आहे. दर बुटाच्या माहितीत ती बँकेचा रस्ता लिहिते. बाजार ते दोन पुसट शब्द दुसरीकडे हलवतो, ती पुन्हा शोधते आणि पुन्हा लिहिते. म्हणूनच मला स्वस्थता नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. आमच्या काचेवर जे सर्वांत मोठे आणि चकचकीत दिसते, त्यावर लगेच बोट ठेवू नका. पान थोडे वर सरकवा, बारीक अक्षरे वाचा. आणि घरात कुणी आजोबा एकटेच आमच्याशी झटत असतील, तर आम्हाला त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. शेजारी बसा. बोट त्यांचेच राहू द्या.