नोलीन गाडी शिकली

“क्लच! नोलीन, क्लच!”

गाडीनं आचका दिला, बेडकासारख्या दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. मागून आलेली धूळ उघड्या खिडकीतून आमच्या दोघींच्या अंगावर बसली. नोलीननं चष्मा काढून स्कर्टला पुसला.

“ग्लेनिस, खरं सांग. तुझ्या मेंढ्यासुद्धा माझ्याआधी शिकल्या असत्या ना?”

“मेंढ्यांना अजून शिकवून बघितलं नाही मी,” मी म्हटलं. “फिरव चावी.”

सुकलेल्या तळ्याचा तो सपाट तळ होता. आपटायला झाड नाही, चुकवायला दगड नाही. साठी उलटल्यावर गाडी शिकणाऱ्या बाईला याहून चांगली जागा अख्ख्या ऑस्ट्रेलियात मिळाली नसती.

ती आणि तिचा नवरा मर्व्ह लोकर कातरणीच्या हंगामात आमच्या फार्मवर आले होते. मर्व्ह पंप दुरुस्त करणारा. जन्मभर पूर्व किनाऱ्यावरच्या वोलाँगाँगला नोकरी केली, निवृत्त झाला आणि दोघं गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून देशाला वळसा घालायला निघाली. वाटेत मिळेल ते काम करायचं, पुढे जायचं. आमच्याकडे तो बोअर आणि पवनचक्क्या बघायचा, ती कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायची. तिच्या हातच्या मटणावर ते दांडगे गडी इतके खूश, की न सांगता हात धुऊन जेवायला बसायला लागले. मला हे कधी जमलं नव्हतं.

मग एका सकाळी मर्व्ह मेंढ्यांच्या पाण्याच्या कुंडापाशी उभा असताना त्याच्या हातातून पाना पडला. उचलायला गेला तर हात हलेना. डॉक्टरचं विमान आलं आणि त्याला शहरात घेऊन गेलं. परत आला तो उजवा हात लुळा घेऊन, आणि यापुढे गाडी चालवायची नाही अशी ताकीद घेऊन.

त्यांचा मुलगा वॉरन फोनवर म्हणाला, “आई, पुरे झालं आता. कॅराव्हॅन तिथंच विकून टाका. मी विमानाची तिकिटं काढतो.”

अर्धा देश बघून झाला होता, अर्धा राहिला होता. मर्व्हला पश्चिमेचा समुद्र बघायचा होता. तिथं सूर्य पाण्यात बुडतो. त्यांच्या गावच्या समुद्रातून तो नुसता उगवायचा.

“बघू,” नोलीन मुलाला एवढंच म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली. “मला गाडी शिकवशील? पण मर्व्हला कळता कामा नये. हसेल तो.”

तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आधी वडील न्यायचे, मग मर्व्ह. “कुठं जायचंय ते सांग, मी आहे ना,” असं तो लग्नापासून म्हणत आला होता, आणि खरोखर नेतही आला होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

दुपारची भांडी आवरली की “मेंढ्यांना मीठ टाकून येतो” असं सांगून आम्ही निघायचो. मर्व्ह व्हरांड्यात डाव्या हातानं कप धरायची सवय करत बसलेला असायचा. एकदा नोलीन आत असताना तो हळूच मला म्हणाला,

“तिसऱ्या गिअरची घाई करते ती. जरा वेग येऊ दे म्हणावं, मग बदल.”

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“जन्म गेला माझा मशिनांचे आवाज ऐकण्यात. म्हणे मीठ! एवढं मीठ घातलंत तर मेंढ्या आपल्या आपण खारवतील.” तो हसला. मग हसू ओसरलं. “मी सांगितलं म्हणू नकोस हं. मला कळलंय असं समजलं तर ती सोडून देईल.”

त्या काळी आमच्या भागात परीक्षा गावचा पोलीसच घ्यायचा. ती घरासमोरच होणार म्हणून नोलीननं त्या सकाळी मर्व्हला सांगून टाकलं, आणि त्यानं आश्चर्य वाटल्यासारखं केलं. सार्जंट हॅन्लन आला, घरासमोर दोन पिंपं उभी केली आणि म्हणाला, “कॅराव्हॅनसकट माघारी घे, यांच्या मधून.”

नोलीननं मागं न्यायला सुरुवात केली. कॅराव्हॅन भलतीकडेच वळली आणि एक पिंप खडखडत पार कुंपणापर्यंत गेलं. व्हरांड्यात मर्व्ह उठून उभा राहिला. काय करायला हवं ते त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तो खाली बसला.

“पुढच्या महिन्यात बघू,” हॅन्लन म्हणाला.

नोलीन उतरली. कुंपणापाशी गेली, पिंप लोटत आणून जागेवर उभं केलं, हात झटकले.

“पुढच्या महिन्यात रस्ते पाण्याखाली असतात. आजच बघ.”

हॅन्लननं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माझा चहा व्हायचाय अजून. तो होईपर्यंत काय करायचं ते कर.”

इतका सावकाश चहा पिणारा पोलीस मी तरी पुन्हा पाहिला नाही. कप रिकामा झाला, मी पुन्हा भरला. पिंपं पडत होती, नोलीन उभी करत होती. घामानं तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. शेवटी एकदा कॅराव्हॅन सरळ आत शिरली, आणि दोन्ही पिंपं उभीच राहिली. कातरणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, हॅन्लननं कप ठेवून कागदावर सही केली. मर्व्ह वर आढ्याकडे बघत बसला होता. त्याचे डोळे भरले होते.

निघायच्या दिवशी मी डबा बांधून दिला. मर्व्ह सर्वांशी डावा हात मिळवून गाडीकडे गेला आणि सवयीनं उजव्या दारापाशी थांबला. नोलीन आधीच आत बसली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ती आरसा सारखा करत राहिली. तो बॉनेटला हात टेकत, समोरून वळून, डाव्या बाजूला गेला.

आतून वाकून तिनं दार उघडलं. तो बसला, मांडीवर नकाशा पसरला आणि म्हणाला, “चल.”

तिनं गाडी काढली.