ज्येष्ठेची नथ

ज्येष्ठा महालक्ष्मीच्या मुखवट्यात कोंबलेल्या जुन्या चिंध्या भैरवीने ओढून काढल्या, तशी त्यांतून एक चिमुकली पुरचुंडी तिच्या मांडीवर पडली. चारी बाजूंनी घट्ट शिवलेली. तिने कात्रीने टाके कापले, तर आत मोत्यांची नथ.

ही नथ भैरवीने कधी पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल जन्मभर ऐकलं होतं. महाल भागातल्या याच घरी कैक वर्षांपूर्वी तिची गुरू सुभद्राअम्मा तृतीयपंथीयांच्या रिवाजाप्रमाणे नव्या बाळाची बधाई मागायला आली होती. दिवस महालक्ष्म्यांचेच. संध्याकाळी देवीची नथ दिसेना, आणि घरच्यांनी मागचापुढचा विचार न करता पोलिसांना अम्माचं नाव सांगितलं. चौकीत मोडलेला तिचा हात आजही कोपरात वाकडा आहे. कामठीच्या खोलीत पडल्या पडल्या म्हातारी एकच सांगत असते, "म्या नाई घेतली वं." म्हणून तर महालक्ष्म्यांना साड्या नेसवायचं इथलं काम भैरवीने तिच्यापासून लपवून घेतलं होतं.

आता तीच नथ अम्माच्याच चेलीच्या मुठीत, आणि खोलीत दुसरं कोणी नाही. या घराला आणखी एक चोर आयताच मिळाला असता.

"भैरवीताई, झालं का?" बाहेरून नातसून गार्गीने विचारलं.

पुन्हा टाके घालावे, चिंध्या कोंबाव्या आणि निघून जावं, असं एकदा मनात आलंच. मग तिने मूठ उघडली.

"गार्गीताई, या जरा. आजीलेबी घेऊन या."

गार्गीच्या आजेसासू प्रेमलताबाई भिंतीच्या आधाराने आल्या. ज्येष्ठा दरवर्षी त्या स्वतःच सजवत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. यंदा हात फार कापतात म्हणून गार्गीने त्यांचं न ऐकता भैरवीला बोलावलं होतं. दारातूनच त्यांना उसवलेली पुरचुंडी दिसली आणि त्या पाटावर येऊन बसल्या.

"अय्या, ही तर आजी सांगतात ती, चोरीला गेलेली नथ! कुठं सापडली?" गार्गी म्हणाली.

"मुखवट्यात. शिवून ठेवली होती कोनीतरी." भैरवीने नथ म्हातारीपुढे धरली. "आजी, सुभद्रा माही गुरू आहे. जित्ती आहे अजून."

प्रेमलताबाईंनी नथीच्या मोत्यांवरून बोट फिरवलं.

"देवीच्या साडीच्या निऱ्यांत सापडली मला," त्या म्हणाल्या. "तोवर तिला पोलिसांनी नेलं होतं. मी नवी सून. सासूबाईंना कसं सांगणार..."

भैरवीला इतका संताप आला, की तिने नथ त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवली आणि हात पदरात गुंडाळून घेतले.

"उद्या तिला जेवायला घेऊन ये," प्रेमलताबाई चाचरत म्हणाल्या. "सवाष्ण म्हणून बसवीन पाटावर."

"ते या घरची पायरी चढनार नाई, आजी. तुमालेच कामठीले यावं लागन. जे आता बोलले, ते तिच्यापुढं बोला लागन. साऱ्या मोहल्ल्यापुढं."

प्रेमलताबाईंनी नथ उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि गार्गीकडे हात केला.

"उठव मला. चप्पल दे."

"आजी, देवी घरात घ्यायची वेळ झाली! उंबऱ्यावर तुम्हीच लागता दरवर्षी."

"तू घे," त्या म्हणाल्या. "आणि रिक्षा बोलाव."