मार्थाचा दीड इंच

सागपाड्याच्या चर्चमागे भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या खाचरात मंडप उभा होता आणि मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. नवापूरच्या बाजूने, गुजरातच्या हद्दीतल्या पाड्यांवरून पिकअप भरभरून माणसं आली होती. स्टेजवर कीबोर्ड एकाच सुरावर घुमत होता आणि पांढऱ्या सफारीतला संदेष्टा स्टीफन घाम पुसत गर्जत होता.

"मोशेला मिळालं नाही! एलीयाला मिळालं नाही! ही ताकद देवाने राखून ठेवली होती. कोणासाठी? शेवटच्या पिढीसाठी! आणि शेवटची पिढी कुठे बसलीय? या ताडपत्रीवर! तुम्ही देवाची फौज आहात. या फौजेला बंदुकीची गोळी लागणार नाही आणि डॉक्टरची गोळीही लागणार नाही!"

"हालेलूया!" मंडप उसळला.

जगाच्या आरंभापासून राखून ठेवलेली ताकद नेमकी नवापूर तालुक्यातच का उतरावी, असा प्रश्न कोणाला पडला नाही. पडला असला तरी त्या आवाजात तो विचारायची सोय नव्हती.

स्टेजच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर मार्था बसली होती. सव्वीस वर्षांची, गावातली एकुलती एक शिवणकाम करणारी. नऊ वर्षांची असताना मोहाच्या झाडावरून पडून तिची डावी मांडी मोडली होती. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. तेव्हापासून ती डाव्या पायात जाड तळव्याची चप्पल घालून, जरा झुकत चालायची. आज एका कार्यकर्त्याने तिला गर्दीतून हेरून वर आणलं होतं, चप्पल काढायला लावली होती आणि खुर्चीवर निळं कापड टाकून बसवलं होतं.

संदेष्टा तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तिच्या दोन्ही टाचा त्याने तळहातांवर धरल्या.

"बघा! डावा किती आखूड! बोटं मोजा! एक, दोन, तीन!" पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून पाहू लागल्या. "हे पाया, मी तुला हुकूम करतो. वाढ!"

मार्थाला कमरेत हलकी ओढ जाणवली. अंग शहारलं. डोळे उघडून तिने पाहिलं तर दोन्ही टाचा एका रेषेत होत्या. सतरा वर्षांत तिने त्या तशा कधीच पाहिल्या नव्हत्या. ती रडायला लागली. मंडपही रडायला लागला. दहा-वीस मोबाइल तिच्या पायांवर रोखले गेले.

"चाल!" संदेष्टा म्हणाला. ती अनवाणी चालली. चार पावलं. झुकत चालली की सरळ, हे त्या गलक्यात कोणी पाहिलं नाही. तिनेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवरून उतरली आणि डावी टाच जमिनीला टेकलीच नाही.

तिने पुन्हा टेकवून पाहिली. मग भिंतीला धरून उभी राहिली. चप्पल घरात नव्हती. ती संदेष्ट्याने स्टेजच्या खांबाला टांगून ठेवली होती, सैतानाची बेडी म्हणून. बाहेर अंगणात तिची आई रूपलीबाई शेजारणींना सांगत होती, "माझी पोर सरळ झाली गं. आता तिला कोण लंगडी म्हणेल?" वडील गेल्यापासून आईचा आवाज इतका मोकळा मार्थाने ऐकला नव्हता. ती दारापर्यंत आली आणि शक्य तितकी सरळ उभी राहिली.

तिथून ती अडकली.

व्हिडिओ सुरतेपर्यंत पोहोचला होता. अनोळखी माणसं घर विचारत यायची, तिच्या डाव्या पायाला हात लावून डोळ्यांना लावायची. दर रविवारी दुपारी तिला स्टेजवर साक्ष द्यावी लागे. अनवाणी चालून तिची कंबर भरून यायची, मशीनवर बसली की मांडीतून कळ निघायची. एकदा तिने धीर करून संदेष्ट्याला सांगितलं, "साहेब, दुखतं अजून. आणि मला वाटतं, झुकतेय मी."

तो हसला. "पाय बरा झालाय, मुली. चालण्याची सवय जुनी आहे. वेदना म्हणजे सैतानाने पाठवलेला खोटा निरोप. तो निरोप तू कोणाला वाचून दाखवू नकोस. तू या फौजेतली पहिली आहेस. पहिलीच वळली, तर मागच्यांचं काय होईल?"

मागच्यांत मार्थाची बहीण होती. आशा, सतरा वर्षांची, बारावीला. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यातून गोळ्या आणायच्या, भरपूर पाणी प्यायचं, थंडीत जपायचं, अशा शिस्तीत ती मोठी झाली होती. तिसऱ्या रविवारी संदेष्ट्याने स्टेजपुढे पत्र्याचा डबा ठेवला. "शेवटच्या पिढीचं रक्त नवं आहे! जुन्या रक्ताची औषधं यात टाका!" लोक रांगेने गेले. बीपीच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या. आशाही उठली.

मार्थाने तिचा हात धरला. "आशा, नको. डॉक्टरांना विचारू आधी."

आशाने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "तू असं म्हणतेस? ताई, तुझं हाड वाढलं. माझं रक्त बदलायला काय अवघड आहे?"

या प्रश्नाला मार्थाकडे एकच उत्तर होतं आणि ते द्यायला तिचं तोंड उघडलं नाही. तिने हात सोडला. डब्यात गोळ्या पडल्याचा आवाज तिने ऐकला.

त्याच आठवड्यात इमॅन्युएल मास्तर तिच्याकडे आले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, गावातल्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. मंडप उभा राहिल्यापासून जुन्या चर्चमध्ये रविवारी उपासनेला बारा-तेरा माणसंच उरली होती, पण मास्तर कोणाशी भांडायला गेले नव्हते. त्यांना पँटची तक्रार होती.

"मार्था, डावा पाय आखूड शिवलायस. बघ, घोटा उघडा पडतो."

तिने पाहिलं. खरंच पडत होता. मग तिची नजर वर गेली. "मास्तर, तुम्ही एका पायावर भार टाकून उभे आहात. कंबर वाकडी झाली की पँट वर चढते. सरळ उभे राहा. हं, आता बघा. बरोबर आहे की..."

बोलता बोलता ती थांबली. गळ्यातली टेप तशीच हातात राहिली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, खुर्चीवर निळं साटीन टाकलं होतं."

"कोणत्या खुर्चीवर?"

"स्टेजवरच्या. मी शिवते, मला कापड कळतं. प्लास्टिकवर साटीन म्हणजे बसलेलं माणूस घसरणारच. बाकीच्यांना नुसत्या खुर्चीत बसवतात. पायवाल्यांनाच साटीन." तिने खुर्ची ओढली, त्यावर अस्तराचं कापड टाकलं. "बसा. पाय पुढे करा."

तिने मास्तरांच्या टाचा धरल्या, तशाच, जशा तिच्या धरल्या होत्या. दोन्ही टाचा जोडून त्यांच्या उजव्या अंगाला नेल्या. डावा पाय आखूड दिसू लागला. मग हळूच मध्ये आणल्या. पाय सारखे झाले. आणखी डावीकडे नेल्या. डावा पाय उजव्यापेक्षा लांब झाला. त्याबरोबर मास्तरांची कंबर कापडावरून घसरत होती आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

मग मार्थाने दार लावून घेतलं आणि स्वतःचा पाय मोजला, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत. उजवा साडेबत्तीस. डावा एकतीस. लहानपणीच्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं तितकाच फरक. दीड इंच.

"तुम्हाला माहीत होतं ना?" तिने विचारलं.

"शंका होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर म्हणाले असते, म्हाताऱ्याची मंडळी रिकामी झाली म्हणून जळतोय. पाय तुझा आहे, मार्था. माझ्या सांगण्याने तो कोणाला आखूड वाटणार नाही."

ती चिडली. मास्तरांवर, स्वतःवर, सगळ्यांवर. "मी सांगितलं तर आई मरेल लाजेने."

मास्तर टोपी घालून उठले. "आणि नाही सांगितलंस तर?"

तिने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. आईला सांगायला ती तीनदा चुलीपाशी जाऊन बसली आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून उठली. तेवढ्यात संदेष्ट्याने फौजेला तीन दिवसांचा उपास फर्मावला. अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. मार्थाने आशापुढे पाण्याचा तांब्या धरला. आशाने तोंड फिरवलं.

रविवारी सकाळी आशा हातपाय पोटाशी घेऊन कण्हत होती. हाडांत कोणी सुऱ्या फिरवतंय, असं म्हणत होती. अंग तापलं होतं, डोळे पिवळे पडले होते.

"दवाखान्यात नेऊ," मार्था म्हणाली.

"मंडपात नेऊ," रूपलीबाई म्हणाली. "तू हात ठेव तिच्यावर. तुझ्या हातात आहे ना ते. तुला दिलंय ना देवाने." तोवर कार्यकर्ते येऊन आशाला खाटेसकट उचलूही लागले होते.

मंडप भरलेला होता. खाट नेताना पाहून मास्तरही मागोमाग आले होते. आशाची खाट स्टेजवर ठेवली. संदेष्ट्याने मार्थाच्या हातात माइक दिला. "फौजेतली पहिली आता आपल्या बहिणीला उठवणार! मार्था, हात ठेव!"

तीनशे माणसं तिच्याकडे पाहत होती. मंडपातून बाहेर जायला वाटही नव्हती. समोर माणसं, मागे कनात. तिने आशाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं भाजत होतं.

"आधी मला एक पाय वाढवून दाखवायचाय," ती माइकमध्ये म्हणाली.

लोक खूश झाले. संदेष्टाही हसला, पण जरा उशिरा. मार्थाने मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या धुडकूला हाक मारली. धुडकू म्हणजे मंडप आणि लाउडस्पीकरवाला, खाली सपाटीवरच्या गावचा, अहिराणी बोलणारा. स्वतःच्या पिकअपमधून सगळं सामान आणायचा.

"धुडकूभाऊ, बसा या खुर्चीत."

"मी काबर? मन्हा दोन्ही पाय बरोबर शेतस!"

"म्हणूनच बसा."

धुडकू लाजत निळ्या कापडावर बसला. मार्था गुडघ्यावर बसली. बसताना डावी मांडी कळवळली. तिने त्याच्या टाचा धरल्या आणि त्याच्या उजवीकडे नेल्या. "बघा. धुडकूभाऊंचा डावा पाय आखूड आहे."

"आहे! आहे!" पुढच्या बायका ओरडल्या.

"आता वाढतोय." तिने टाचा मध्ये आणल्या. "अजून वाढवू?" डावीकडे नेल्या.

"आयं!" धुडकू पायांकडे पाहतच राहिला. "मन्हा पाय लंबा व्हयी ग्या!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसू रांगांमधून पसरत गेलं आणि पसरता पसरता विरलं, कारण एकेकाला कळत होतं की आपण कशाला हसतोय.

"माइक बंद करा!" संदेष्टा ओरडला. "हा सैतान बोलतोय!"

धुडकू खुर्चीतून हलला नाही. "माइक मन्हा शे," तो शांतपणे म्हणाला. "बोल बहीण."

मार्थाने गळ्यातली टेप काढली. "आई, वर ये."

रूपलीबाई वर आली. ती शाळेत गेली नव्हती, पण बाजारात बसून आकडे वाचायला शिकली होती. मार्था आशाच्या खाटेशेजारी स्टेजवरच आडवी झाली. "हे कमरेचं हाड. हा घोटा. आधी उजवा मोज. मग डावा. जे दिसेल ते बोल."

रूपलीबाईने मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना टेप तिच्या हातातून सुटली.

"किती?" मास्तरांनी खालून विचारलं.

"दीड इंच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की माइक असूनही मागच्यांना ऐकू गेला नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "दीड इंच आखूड. होता तेवढाच आहे. माझी पोर महिनाभर अनवाणी चालली, आणि मी बघितलं नाही."

"शंका घेतलीस म्हणून पाय मागे गेला!" संदेष्टा गरजला.

"मी दहा दिवसांपूर्वी मोजला होता," मार्था म्हणाली. "तेव्हाही दीडच होता. मागच्या रविवारी मी इथेच साक्ष दिली, तेव्हाही दीडच होता. मी खोटं बोलले. माझं ऐकून तुम्ही डब्यात औषधं टाकलीत. ज्यांनी टाकलीत त्यांनी आजच्या आज दवाखान्यात जा. धुडकूभाऊ, गाडी काढा."

धुडकूने गाडी काढली.

आशाला रक्त चढवावं लागलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. पाण्याविना उपास आणि बंद केलेल्या गोळ्या, यांनीच हे ओढवलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली; पण खुब्याचं दुखणं मागे राहिलं आणि बारावीचं वर्ष गेलं. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस ती मार्थाकडे पाठ करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला दहा दिवस आधीच माहीत होतं."

"हो," मार्था म्हणाली.

मास्तरांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, पण पोलीस येईपर्यंत संदेष्टा हद्दीपलीकडे निघून गेला होता. पाड्यातली निम्मी माणसं जुन्या चर्चमध्ये परतली. बाकीची अजूनही म्हणतात की पाय वाढला होता, मार्थाच्या अविश्वासाने आखूड झाला. आणि तो व्हिडिओ काही कोणाला पुसता आला नाही. त्यात मार्था आजही रडत, चार पावलं चालत असते.

परवा अक्कलकुव्याकडून दिलवरसिंग नावाचा एक माणूस आला. कडेवर पाच वर्षांची मुलगी. तो पायाला हात लावायला वाकला तशी मार्थाने त्याला धरून उठवलं.

"मुलीला काय होतं?"

"फिट येतात."

"गोळ्या?"

"आठ दिवस झाले, बंद केल्या. तुमचा व्हिडिओ बघून."

मार्थाने मशीनवरचा ब्लाउज तसाच टाकला. "भाऊ, माझा पाय वाढलेला नाही. वाढला असता तर मला किती आवडलं असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. मी रोज प्रार्थना करते. तुम्हीही करा. पण देवाच्या नावाने जो औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी विचारा, दाखव, मोजू दे, पुन्हा करून दाखव. चिडला, तर समजा." तिने मुलीला स्वतःच्या कडेवर घेतलं. "चला. दवाखान्याची ओपीडी एकला बंद होते."

आणि ती झुकत झुकत, त्याच्या पुढे, रस्त्याला लागली.