हाताची घडी, तोंडावर बोट

मी खंजिरी. कुणी थाप मारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आमच्या कुळाचा रिवाज. आज तो मोडतेय, कारण मनात फार साचलंय आणि आता ऐकवल्याशिवाय राहवत नाही.

पवनारच्या अलीकडे धाम नदीच्या काठी एक गाव आहे. घरोघर भाजीची शेती. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं दिवस उजाडायच्या आत वर्ध्याच्या बाजाराला निघतं आणि त्याच्यासोबत लेकरांच्या आयाही निघतात. मागे राहिलेली चिल्लीपिल्ली अंगणवाडीत येतात. त्यांच्यासाठी सरकारनं खेळण्यांचं एक मोठं खोकं पाठवलं, त्यातून मी आले. माझ्यासोबत लाकडी ठोकळे होते, रंगीत मणी होते, कापडाच्या बाहुल्या होत्या. खोक्यावर माझं नाव 'डफली' असं छापलेलं होतं. मदतनीस आनंदाबाईंनी मला उचललं आणि म्हणाल्या, "हे तं खंजिरी हाय." तेव्हापासून मी खंजिरीच.

आनंदाबाईंनी हौसेनं एक थाप मारली. माझ्या कडेच्या झांजा छनछनल्या आणि पोरं जागची उठून धावत आली. मी म्हटलं, चला, जन्माचं सार्थक झालं. तेवढ्यात मोहिनीताईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मोहिनीताई म्हणजे तिथल्या अंगणवाडी सेविका. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन खिचडी भरवायची, शेंबडी नाकं स्वतःच्या पदरानं पुसायची. पण आधीच्या खेळण्यांतलं काहीतरी पोरांनी मोडलं होतं आणि सुपरवायझर मॅडमनी चार बायकांसमोर तिला फैलावर घेतलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताईंनी आम्हा सगळ्यांना लोखंडी कपाटात घातलं आणि कुलूप लावलं.

माणसांची ही खोड मला मोठी गमतीची वाटते. लग्नात आलेले चांगले कप काचेच्या कपाटात ठेवायचे आणि रोजचा चहा कान तुटलेल्या कपातून प्यायचा. कप जपले जातात, चहा पिणारे म्हातारे होतात. आमचंही तसंच झालं. वेष्टणातले मणी वेष्टणातच राहिले आणि बाहेर पोरं खडे खेळत बसली.

कपाटाचं एक दार वाकलेलं होतं. त्या फटीतून मला अंगणवाडीची अर्धी खोली दिसायची. तेवढंच माझं जग.

मॅडम यायच्या त्या दिवशी मात्र कुलूप निघायचं. आम्हाला सतरंजीवर मांडायचे, पोरांना भोवती बसवायचे आणि बजावायचे की कुणी हात लावायचा नाही. मोबाइलवर फोटो निघायचे. त्या फोटोंत आमची अंगणवाडी अशी काही दिसायची की बघणाऱ्याला आपणच लहान व्हावंसं वाटेल. फोटो पोचले की आम्ही परत आत.

बाकी दिवस एकाच मंत्रावर चालायचे: हाताची घडी, तोंडावर बोट. ताईंना दोष तरी किती द्यायचा? वजनं घ्यायची, आहार वाटायचा, मोबाइलवर माहिती भरायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, वरून खोलीभर पोरं. गलबला झाला की त्यांचं डोकं उठायचं. आणि गावालाही तेच पसंत होतं. बाहेरून आवाज आला नाही म्हणजे अंगणवाडी उत्तम चालली आहे, असं सरपंच म्हणायचे, आया म्हणायच्या, मॅडमही म्हणायच्या.

अशा अंगणवाडीत गुंजन आली. रीताची मुलगी, तिसरं वर्ष नुकतं लागलेलं. मोठे डोळे, तेल चोपडून घातलेल्या दोन शेंड्या. पहिल्या दिवसापासून सगळ्यांची लाडकी, कारण तिचा कुणाला त्रास नव्हता. ओरडायची नाही, भांडायची नाही. इतरांनी घडी घातली की हिची घडी तयार. इतरांकडे बघून घालायची, पण तेवढं बघायला कुणाला सवड होती? मॅडमनी एकदा तिला सगळ्यांपुढे बसवलं आणि म्हणाल्या की बाकीच्यांनी हिच्याकडून शिका. फोटोतही ती पुढे असायची.

रजत, खाली बस. आचल, ते तोंडात घालू नको. दिवसभर या दोन नावांचा जप चालायचा. गुंजनचं नाव घ्यायची वेळच येत नसे. शहाण्या पोराला कोण हाक मारतं?

एकदा आनंदाबाईंच्या हातून खिचडीच्या गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं. केवढा आवाज झाला! कपाटात माझ्या झांजासुद्धा थरथरल्या. पोरं दचकली, एक तर भोकाड पसरून रडायला लागलं. गुंजन सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर रेघ ओढत होती. तिची रेघ जराही वाकडी झाली नाही. आनंदाबाई कौतुकानं म्हणाल्या की पोर किती धीराची आहे.

भिंतीपलीकडे समाजमंदिर आहे. तिथे दर गुरुवारी भजन होतं आणि गुंजनचे आजोबा नत्थूजी माझ्याच एका बहिणीला जीव तोडून वाजवतात. भोंगा असा की नदीपलीकडे ऐकू जावा. त्या भोंग्याखाली आजोबांच्या मांडीवर गुंजन गाढ झोपते, असं आनंदाबाई सांगायच्या. गावानं ठरवून टाकलं की हा पुण्यवान जीव आहे. मी आतल्या आत कुढायची. अरे, भजनात लेकरू झोपतं ते सुरांनी, भोंग्याखाली कोण झोपतं?

एका दुपारी रीता बाजारातून थेट अंगणवाडीत आली. डोक्यावर रिकामी टोपली, पायांना चिखल. जरा चाचरतच तिनं विचारलं, "ताई, आमची गुंजन बोलून काऊन नाई राह्यली? तिच्या बरोबरीचे लेकरं पटापटा बोलतेत."

"बोलन नं," मोहिनीताई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या. "काही लेकरं उशिरा बोलतेत. शांत हाय, गुणाची हाय. तू कायले घोर लावून घेतं?"

नत्थूजींनीही घरी तेच सांगितलं होतं. गुंजनचा बाप शुभम पाच वर्षांचा होईतो बोलला नव्हता म्हणे, आणि आता बाजारात त्याच्याशी बोलण्यात कोण जिंकतं? रीता निश्चिंत होऊन गेली. शिकलेल्या ताईनं सांगितलं, मग खोटं कसं असेल? मला त्या क्षणी कपाटातून उडी मारून स्वतःवरच थाप मारावीशी वाटली. पण खंजिरीला हात नसतात.

दोन होळ्या गेल्या.

मग सेलूला ताईंचं प्रशिक्षण झालं. अंगणवाडीचा दर्जा सुधारायचा, खेळातून शिकवायचं, असं तिथे सांगितलं गेलं, आणि मॅडमनी आठवड्याच्या आत गाण्याबजावण्याच्या खेळाचा व्हिडिओ मागितला. म्हणून मी बाहेर आले. मायेनं नव्हे, व्हिडिओसाठी. पण आले.

खेळ सोपा होता. पोरांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे. ताई मागून फिरणार आणि ज्याच्या पाठीशी खंजिरी वाजेल त्यानं हात वर करायचा. आनंदाबाईंनी मोबाइल धरला. बाकीच्यांचं बघून गुंजननंही डोळे मिटले. रजतच्या मागे वाजले, त्यानं दोन्ही हात वर केले. आचल तर वाजायच्या आधीच खिदळली. किती दिवसांनी पोटातून बोलले मी! सगळी खोली हसत होती.

ताई गुंजनच्या मागे आल्या आणि थाप मारली. हात वर झाला नाही. ताईंना वाटलं, लाजतेय. त्या खाली वाकल्या आणि मला तिच्या कानाशी नेऊन पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा, इतक्या जोरात की माझं कातडं चरचरलं. गुंजनची पापणीसुद्धा हलली नाही. ती डोळे मिटून बसली होती, तोंडावर बोट ठेवून. नेहमीसारखी, गुणाची.

ताईंचा हात तसाच वर राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण आनंदाबाईंनी मोबाइल खाली घेतला.

त्याच संध्याकाळी मला पिशवीत घालून मोहिनीताई रीताच्या घरी गेल्या. रीता अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत होती, गुंजन तिच्या समोर जुड्या रचत होती. ताईंनी काही सांगितलं नाही, फक्त लेकीकडे बघ म्हणाल्या. मग गुंजनच्या पाठीमागे उभं राहून मला वाजवलं. आतून नत्थूजी बाहेर आले, शेजारची बाई कुंपणाशी आली, गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं. गुंजननं पुढची जुडी उचलली.

रीताच्या हातातला दोरा सुटला.

"मी दिवसभर बाजारात राह्यतो," ती म्हणाली. "मी घरी आली का माह्या मांगं मांगं फिरते, माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यते. मले वाटे, लय जीव लावते पोरगी."

पुढच्या गुरुवारी नत्थूजी भजनाला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

सावंगीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिथलं सगळं मला अंगणवाडीतल्या बोलण्यातून कळलं. कानात थोडं ऐकू येणं शिल्लक आहे, यंत्र लावलं तर आवाज पोचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण लेकराच्या डोक्यात शब्द रुजायचे ते पहिल्या काही वर्षांत, आणि ती वर्षं बरीचशी निघून गेली आहेत. आता फार कष्ट पडतील, आणि सगळं येईलच असं कुणी सांगू शकत नाही. शंका पहिल्यांदा आली तेव्हाच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असंही ते म्हणाले.

दवाखान्यातून परतल्यावर रीता अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "इतके दिवस तुमच्यापाशी बसली, ताई. तुम्ही एक खेपही तिले नावानं हाक नाई मारली का?"

त्या रात्री मोहिनीताई जेवल्या नसाव्यात, कारण सकाळी आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं, सगळी खेळणी सतरंजीवर ओतली आणि कुलूप फेकून दिलं. त्या दिवशी अंगणवाडीत इतका गलबला झाला की सरपंच बघायला आले. ताई त्यांना एवढंच म्हणाल्या की होऊ द्या.

आता मी खिडकीजवळच्या खिळ्याला लटकते. माझ्या दोन झांजा गळल्या, कातडं मळलं. ठोकळ्यांचे कोपरे झिजले, एका बाहुलीचा हात गेला. नवं लेकरू दाखल झालं की ताई आधी त्याला पाठमोरं बसवतात आणि मला वाजवतात. त्यानं मान वळवली की नाव लिहून घेतात, नाही वळवली तर आधी सावंगीला तपासायला पाठवतात. मला याचं समाधान आहे, पण खरं सांगते, आनंद नाही. जिच्यामुळे हे सुरू झालं तिला त्याचा काय उपयोग?

तुमच्याही गावात अशी कपाटं असतील. तुमच्याही घरात एखादं फार गुणाचं, फार शांत लेकरू असेल. खंजिरी नसली तर ताट वाजवा, पण मागून वाजवा. आणि त्याला नावानं हाक मारा, काही काम नसताना मारा.

काल गुंजन यंत्र लावून पहिल्यांदा अंगणवाडीत आली. दोन्ही कानांमागे यंत्रं, शेंड्या तशाच. मोहिनीताईंनी मला वाजवलं आणि तिनं झटकन मान वळवली. आनंदाबाई रडायला लागल्या. ताई खाली बसल्या, मला मांडीवर ठेवलं आणि तिच्या पाठीमागून हळूच म्हणाल्या, "गुंजन."

गुंजननं मान वळवली आणि हसली.

ताईंनी डोळे पुसले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी आचलला हाक मारली. आचल ओ म्हणाली. गुंजननंही मान वळवली, तशीच, हसून. रजतला हाक मारली, तिनं पुन्हा वळवली. बाहेर रस्त्यावर एक गाडी भोंगा वाजवत गेली, तिकडेही ती तितक्याच हौसेनं वळली. तिच्यापर्यंत आवाज पोचत होते, पण त्यांतलं आपलं नाव कोणतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

ताईंनी मला बाजूला ठेवलं. गुंजनचा हात धरून तिच्याच छातीवर टेकवला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या, "गुंजन."