तीन शिट्ट्यांची गाडी

शेखर अहिरराव सरांची गाडी म्हसरूळच्या चढावर मेथीच्या दोन गोण्या लादलेल्या स्कूटरच्या मागे पडली, तेव्हा सरांनी स्वतःची समजूत घातली की आपण शिस्तीत चालवतो. पुढच्या आठवड्यात त्याच चढावर सायकल हातात धरून चाललेले एक आजोबा त्यांच्या पुढे गेले.

"अहो," शेजारी बसलेली निकिता म्हणाली, "ते पायी आहेत."

सर हिरावाडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत. गाडी डिझेलवरची, जुनीच, पण आजवर कुरकुर न करता चाललेली. आता पाय तळाला टेकवला तरी ती पुढे जायच्या ऐवजी काळा धूर सोडायची आणि बारीक आवाजात किंचाळायची. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलंच नाही. त्याने फक्त सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "टर्बो गेला" असं सांगून टाकलं.

सरांना ते पटलं नाही. त्यांनी फोनवर नऊ व्हिडिओ पाहिले आणि दहावा पाहायच्या आधीच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. हे तर ते सहावीच्या पोरांना सोळा वर्षं सांगत आले होते! टर्बो हवा दाबून इंजिनाकडे ढकलतो, आणि ती वाटेतच कुठूनतरी पळून जाते. इंजिनाचा श्वास अपुरा पडतो. बस, एवढंच. भोक शोधायचं आणि बुजवायचं.

घाई करायलाही कारण होतं. सटाण्याला निकिताच्या भावाच्या मुलीचं बारसं तीन आठवड्यांवर आलं होतं. निकिता आत्या. नाव तिनेच ठेवायचं. आणि मध्ये भावडबारीचा घाट.

रविवारी सकाळी सर पार्किंगमध्ये उतरले. आधी एअर फिल्टर काढला. त्यातून ओंजळभर धूळ आणि लिंबाची दोन पानं निघाली. नवा फिल्टर बसवला, फरक शून्य. मग त्यांनी बादलीत साबणाचा फेस केला आणि हवेच्या सगळ्या पाइपांना तो दाढीच्या ब्रशने फासला. जिथे फुगा येईल तिथे भोक. निकिताला त्यांनी गाडीत बसवलं.

"दे रेस!"

शीऽऽऽ, गाडी किंचाळली.

"परत!"

शीऽऽऽ.

"अजून एकदा!"

शीऽऽऽ. फेस जागचा हलला नाही. सर हात पुसून वर गेले.

सरांच्या 'अनंतकृपा' इमारतीत बावीस घरं होती आणि तेव्हा पावणेबारा वाजले होते. सरांचं सोडून एकवीस घरांत कुकर चढलेले. तिसऱ्या शिट्टीला एकवीस हातांनी एकवीस गॅस बंद केले.

एक वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या रंगूबाई वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय पंचाहत्तर, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट.

"मास्तर, ही डाळ चावून बघा."

सरांनी दोन दाणे तोंडात टाकले. दाढेत कट्ट वाजलं.

"आजी, ही कच्ची आहे."

"तुमच्या गाडीनं शिजवली हाय."

त्यांच्यामागे जिन्यावर रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात वाटी. चौदा नंबरातल्या चिमणाबाईंनी आपले छोले पुरावा म्हणून फरशीवर टाकून दाखवले. ते उसळून थेट तळमजल्यावर गेले.

संध्याकाळी बॉनेटभोवतीच सभा भरली. सरांनी माफी मागितली आणि कुणाच्याही स्वयंपाकाच्या वेळी गाडीला हात लावणार नाही, असा शब्द दिला. चेअरमन कारभारी नानांनी घरोघर चौकशी केली, तर अशी वेळच निघेना. कुणाचा डबा पहाटे पाचला, कुणाचं जेवण दुपारी तीनला. नानांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. वेळापत्रकाशिवाय काही सुटतं, हे त्यांना सहनच होत नसे. त्यांनी घसा खाकरून ठराव मांडला. यापुढे सर्व सभासदांनी कुकर एकाच वेळी चढवावेत. अहिरराव सरांच्या गाडीची शिट्टी हीच अधिकृत धरावी. खासगी शिट्ट्या ग्राह्य धरू नयेत.

"माझं अनुमोदन हाय," रंगूबाई म्हणाल्या. त्यांच्या कुकरची शिट्टी तीन वर्षांपूर्वी हरवली होती आणि तेव्हापासून त्या शेजारच्यांच्याच मोजत होत्या.

"अहो नाना, पण मला गाडी दुरुस्त करायची आहे!"

"करा की, सर. फक्त शिट्टी तशीच ठेवून करा."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर वेळापत्रक लागलं. रविवारी सकाळी अकरा, इतर दिवशी संध्याकाळी साडेसात. भात दोन, तूरडाळ तीन, बटाटे चार, छोले सहा.

पहिले दोन दिवस सर चिडूनच खाली गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सोळा वर्षांत स्टाफरूममध्ये त्यांचं वाक्य कुणी पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं. इथे त्यांनी पाय दाबला की चार मजले श्वास रोखत, आणि तिसऱ्या शिट्टीला खट्‌खट्‌ बटणं फिरल्याचा आवाज वरून पावसासारखा येई. नाना जिन्यात थांबून नमस्कार करू लागले. वॉचमन न सांगता काच पुसू लागला. सर चौथी शिट्टी थोडी लांबवू लागले. बटाटे मऊ होतात, असं त्यांचं म्हणणं.

भोक शोधायचं राहूनच गेलं.

"बारसं परवावर आलंय," शुक्रवारी निकिता म्हणाली.

"हो, पण गाडी दुरुस्त केली, तर डाळीचं काय?"

गोदावरी अरबी समुद्राला मिळते असं लिहिणाऱ्या पोराकडे सर जसे बघत, तशी निकिता त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी मान खाली घातली.

शनिवारी दुपारी तीनला, सगळी इमारत आडवी झालेली असताना, दोघं चोरपावलांनी खाली उतरले. आवाज दबावा म्हणून इंजिनावर गोधडी टाकली. सर या वेळी गाडीखाली उताणे सरकले आणि आजवर ब्रश पोचला नव्हता तिथे, पाइपाच्या पोटाकडच्या बाजूला, फेस लावला. निकिताने हलकेच रेस दिली. टर्बोजवळच्या टोकाला लिंबाएवढा फुगा आला. त्याची मोसंबी झाली. मग तो सरांच्या चष्म्यावर फुटला.

रबर टोकालाच चिरलं होतं. सरांनी भाजीच्या सुरीने ते दोन बोटांएवढं कापून टाकलं, उरलेला धड पाइप ओढून तोंडावर चढवला आणि दात-ओठ खात क्लिप आवळली.

"दे रेस."

इंजिन नुसतं घुमलं. शिट्टी नाही. निकिताने टाळी वाजवली. सरही हसले, पण निरोपाचा नारळ आणि शाल हातात पडल्यावर माणूस हसतो तसे.

संध्याकाळी साडेसातला ते गोधडी पांघरून पडून राहिले. सरांना ताप आहे, असं निकिताने दारातूनच सांगितलं. त्या रात्री अनंतकृपात बऱ्याच घरी पोहे झाले. खरं काय ते नानांना उद्या सांगू, असं सरांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुणालाही न सांगता दोघं निघाले.

गाडी पळत होती. पाय टेकवला की पाठ सीटला चिकटत होती. भावडबारीचा घाट तिने असा गिळला की सर एकटेच मोठ्याने हसत सुटले. वर पोचतात तोच फोन वाजला.

"सर, अकरा वाजून सहा मिनिटं झाली," नाना म्हणाले. "ताप उतरला का? कुठे आहात?"

"घाटात. नाना, गाडी दुरुस्त झाली."

"अभिनंदन. पण शिट्टी?"

त्यांच्या मागे इमारतभरचे कुकर एकमेकांवर ओरडत होते. त्यातून माणसांचा गलका.

"नाना, कुकर वाजतायत ना? गॅस बंद करायला सांगा!"

"त्या खासगी शिट्ट्या आहेत, सर. ठराव आहे. सगळे बटणावर हात ठेवून उभे आहेत. चौदा नंबरातून धूर यायला लागलाय."

"मग ठराव रद्द करा!"

"सात दिवसांची नोटीस लागते."

सरांनी गाडी कडेला घेतली. त्यांनी तोंडाचा चंबू करून फोनमध्ये फुंकर मारली. नुसती हवा गेली.

"द्या इकडे," निकिता म्हणाली. "नाना, फोन गणपतीच्या लाउडस्पीकरच्या माइकला धरा."

नव्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला, दोन बोटं जिभेखाली घातली आणि शिट्टी मारली. झाडावरची माकडं शेंड्याला गेली. समोरून येणाऱ्या ट्रकने ब्रेक लावला. दुसरी. तिसरी. फोनमधून खट्‌खट्‌ खट्‌खट्‌ ऐकू आलं.

"आता छोले," ती म्हणाली आणि आणखी तीन दिल्या.

सगळं शांत झालं. मग स्पीकरजवळून रंगूबाईंचा आवाज आला, "नवी गाडी घेतली का मास्तरांनी? आवाज लय चांगला हाय."

निकिताने फोन ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. सर तिच्याकडे बघतच राहिले.

"बारा वर्षं झाली आपल्या लग्नाला," ते म्हणाले.

"बाबा मळ्याच्या त्या टोकाला असायचे. जेवायला हाक मारून ऐकू जायची नाही," ती म्हणाली. "चला, उशीर होतोय."

सटाण्याला पाळणा सजला होता. निकिता वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून 'सृष्टी' म्हणाली, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. सर कोपऱ्यात लाडू खात होते. नानांचा निरोप आला: "डाळ उत्तम. छोले थोडे लागले. ठराव रद्द करण्याबाबत पुढील रविवारी सभा. वहिनींना घेऊन येणे."

सरांनी तो दोनदा वाचला, फोन खिशात टाकला आणि आणखी एक लाडू मागून घेतला.