जुनं दाखव, नवं घे

“आधी जुनी दाखव.”

बायकोनं टूथपेस्टची चपटी ट्यूब त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती शेपटीकडून गुंडाळली, टेबलाच्या कडेवर दाबली. तोंडाशी मटारएवढी पेस्ट आली.

“आहे की अजून दोन दिवसांची.”

“तुमच्या एकट्याची असेल. मी काय, ब्रशला नुसतं हसून दाखवू?”

“नियम तो नियम.”

“नियम कारखान्यातच ठेवून यायचे होते. निरोपाच्या घड्याळाबरोबर घरी कशाला आणलेत?”

सुरुवातीला ती असं बोलायची. बोलायची आणि हसायची.

*

एकतीस वर्षं तो पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. जाळीच्या खिडकीमागे बसायचा. झिजलेलं बेअरिंग, फाटका हातमोजा आत आल्याशिवाय नवा नग बाहेर जायचा नाही. साहेब स्वतः आले तरी नाही. कामगार त्याला मागून ‘कुलूप’ म्हणायचे. ते त्याला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

घरात सगळं उलटं. पगार बायकोच्या हातात दिला की तो मोकळा. घर कसं चालतं, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मग पेन्शन सुरू झाली. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

थांबलं: बसचा पास. वर्षाला बुटांचा एक जोड. कुणाच्या ना कुणाच्या लग्नाची वर्गणी.

सुरू झालं: दिवसभर पंखा. दहाचा चहा आणि तीनचा चहा, कारण अंगाला भोंग्याची सवय. साबण, जो कारखाना द्यायचा. पेपर, जो गेटवर फुकट वाचायला मिळायचा.

वाढलेला प्रत्येक खर्च त्याचा स्वतःचा होता. माणूस सरळ, म्हणून दुसऱ्याच महिन्यात त्यानं पेपर बंद केला. आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे घेतली. त्यात साबण, टूथपेस्ट, धुण्याची पावडर, बल्ब, आणि बायकोची ब्लडप्रेशरची गोळी. रोज एक. पंधरा गोळ्यांचं पाकीट रिकामं होऊन आलं की नवं मिळायचं. महिन्याला दोन.

सकाळी सात ते नऊ, पेपरच्या वेळेला, तो मांडीवर हात ठेवून नुसता बसून राहायचा. गाडी चुकलेल्या माणसासारखा.

बायको कामं करता करता त्याच्याकडे बघायची.

*

“पेपर चालू करा परत.”

“कशातून?”

“गोळ्या कमी लागायला लागल्यात मला. या महिन्यात एकच पाकीट झालं. बघा तुमच्या वहीत.”

वहीत एकच होतं.

“डॉक्टरांनी कमी केली?”

“डॉक्टर कशाला लागतात? माझं मला कळत नाही का? बरं वाटतंय.”

स्टोअरमध्ये बेअरिंगं कमी खपली की समजायचं, मशीन नीट चालतंय. त्यानं तेच समजलं.

*

फोनवर, मुलगी:

“बाबा, काय म्हणताय?”

“तुझी आई बघ, एकदम ठणठणीत. औषध निम्म्यावर आलं.”

“निम्म्यावर? असं कसं? आईला द्या फोन.”

“बोल गं,” आई म्हणाली.

“गोळी घेतेस ना रोज?”

“अगं, तुझे बाबा पेपर वाचतायत. अर्ध्या बातम्या मला मोठ्यानं वाचून दाखवतात. तिसऱ्या पानावरच्या चोऱ्यांवरून कालच भांडलो आम्ही. माणूस परत आल्यासारखा वाटतोय बघ.”

“आई, मी गोळ्यांचं विचारतेय.”

“ठेवते गं. दारावर कोणीतरी आलंय.”

दारावर कुणी नव्हतं.

*

ती सकाळ, त्यानं दवाखान्यात सांगितली तशी:

मी पेपर वाचत होतो. ही बाथरूमच्या दारात पडली. उजवा हात हलेना, बोलता येईना. गोळी रोज घ्यायची. मी स्वतः देत होतो.

तीच सकाळ, झाली तशी:

तो पेपर वाचत होता. तिनं दोनदा कपाळ दाबलं. “सगळं गरगरतंय जरा,” म्हणाली.

“तो पंखा गरगरतोय,” तो म्हणाला, आणि पुढची बातमी वाचायला लागला.

तीसुद्धा हसली. मग उठली.

*

डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या.

“महिन्याला किती पाकिटं लागायची?”

“आधी दोन. आता एक.”

“पंधराचं?”

“पंधराचं.”

त्यांचा पेन थांबला. त्या चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

महिन्याचे दिवस तीस. ज्याच्या खिडकीतून एकतीस वर्षांत एक वायसर हिशेबाबाहेर गेलं नव्हतं, त्यानं हे दोन आकडे तीन महिने शेजारीशेजारी ठेवून पाहिले नव्हते.

“दिवसाआड घेत असणार,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. “चक्कर वगैरे? डोकं दुखणं? कधीपासून?”

वहीत तो रकाना नव्हता.

*

वॉर्डात ती डोळे उघडे ठेवून पडली होती. उजवा हात चादरीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. तो स्टूल ओढून डाव्या बाजूला बसला.

“का गं?”

तिच्या ओठांची एकच कड हलली. शब्द आला नाही.

“काका, आत्ता बोलायला नका लावू त्यांना,” नर्स म्हणाली आणि पलीकडच्या पलंगाकडे गेली.

बऱ्याच वेळानं तिचा डावा हात चादरीखालून निघाला आणि त्याच्या गळ्याकडे आला. सकाळच्या धावपळीत त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडून राहिली होती. तिनं ती चिमटीत धरली. सुटली. पुन्हा धरली. सवय नसलेल्या हातानं ती इंचाइंचानं बाहेर काढू लागली.

त्याला ते एका झटक्यात करता आलं असतं. त्यानं केलं नाही. तो पुढे वाकला, आणि तिचा हात पोचावा म्हणून तसाच वाकून राहिला.