श्वास घ्या म्हणे

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुमच्या डोक्यावरचं छत करकरतंय. तुम्ही धावत जाऊन घरमालकाला विचारता, "काका, हे पडणार आहे का?" आणि काका गोड हसून म्हणतात, "बाळा, आधी हात स्वच्छ धू."

आता सांगा, हात धुणं वाईट का? मुळीच नाही. मी तर रोज सांगतो, धुवा. तरी त्या क्षणी तुमच्या तळपायाची आग मस्तकात जाईल की नाही? गेलीच पाहिजे. ठिणगीच्या आईची तशीच गेली.

ठिणगी ही एक शाळकरी मुलगी. खरं नाव वेगळं, पण नाकाच्या शेंड्यावर कायम राग, म्हणून मामाने तिला ठिणगी केलं. ती, आई आणि मामा दोन खोल्यांत राहत. आई दप्तरं शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर होती. दप्तरांना पट्टे जोडायचं काम तिचं. तिथली निम्मी मशिनं अलीकडे कापड टाकून झाकली होती. उरलेली कधी झाकणार, कुणाला ठेवणार, कुणाला घरी पाठवणार, हे कोणी सांगेना. बायका विचारायला आल्या की मॅनेजर फोन कानाला लावून सटकायचा. फोन वाजलेला नसला तरी.

मग एके दिवशी मॅनेजरने एका माणसाला आणलं. काळजीच्या दिवसांत तब्येत कशी राखावी हे तो शिकवणार होता. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, रोज फिरायला जा, सारखा फोन बघू नका, असं सगळं त्याने सांगितलं आणि गाल फुगवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. बायकांनी तिथल्या तिथे त्याचं नाव फुगा ठेवलं. ठिणगीची आई उभी राहिली. आमची मशिनं कधी बंद होणार, असं तिने विचारलं. मॅनेजरने फुग्याकडे बघितलं. फुगा म्हणाला, "ताई, आधी एक मोठा श्वास घ्या."

घरी येऊन आईने पिशवी खुर्चीवर आपटली. "आजवर श्वास घ्यायला फुरसत दिली नाही यांनी," ती मामाला म्हणाली, "आणि आता श्वास घ्या म्हणे."

"फुकट असतो ना," मामा म्हणाला. मामा वायरमन होता, त्याच्या बोलण्यालाही करंट असायचा.

त्या दिवसापासून आईने हट्टच धरला. फुग्याने जे जे करायला सांगितलं, ते ते करायचं नाही. ती उभ्या उभ्या दोन घास गिळायची. झोपायच्या वेळी फोन घेऊन बसायची, कारखान्याच्या ग्रुपवर काही आलंय का बघत, डोळे लाल होईपर्यंत. आणि फिरणंही बंद. ठिणगी चालायला लागली तेव्हापासून रात्रीचं जेवण झालं की मायलेकी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायच्या. दिवसभरात आई फक्त ठिणगीची असायची ती तेवढाच वेळ. आता तोही गेला.

ठिणगी शाळेत भांडायला लागली, घरी ताटावरून उठायला लागली. आईचं डोकं ठिकाणावर नाही, थोडे दिवस सांभाळून घे, असं मामाने समजावलं. थोडे म्हणजे किती, असं तिने विचारलं, तर मामा वायर कापायची पकड शोधायला लागला. सगळी मोठी माणसं मॅनेजरच असतात, असं ठिणगीला वाटलं.

एका रात्री जेवणं झाल्यावर ती चपला घालून आईपुढे उभी राहिली.

"चल."

आईने मान वर केली नाही. "मला नाही यायचं. ते उत्तर देत नाहीत, तोवर मी त्यांचं काही ऐकणार नाही."

"ऐकतेसच की," ठिणगी म्हणाली. "आपण पहिल्यापासून जायचो. तो जा म्हणाला, म्हणून तू सोडलंस. म्हणजे तू चालायचं की नाही, ते तोच ठरवतो."

कोपऱ्यात वायर सोलत बसलेल्या मामाच्या हातातली पकड थांबली. आई ताडकन उठली. आता पाठीत धपाटा बसणार, असं ठिणगीला वाटलं, आणि खरं सांगतो, आईचा हात उठलाही होता. पण तो तसाच खाली आला. रागाच्या भरात तिने डाव्या पायात उजवी चप्पल घातली, ती काढली, पुन्हा घातली आणि धाडधाड जिना उतरली.

चालता चालता आई मॅनेजरला काय काय म्हणाली ते मी लिहीत नाही. तुम्हाला येत असेलच. ती इतक्या झपाझप चालत होती की ठिणगीला पळावं लागत होतं. राग गेला का? नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मॅनेजरने तो कष्टाने कमावलेला होता. पण इतके दिवस तो राग आईचंच जेवण खात होता, आईचीच झोप खात होता. मॅनेजरच्या ताटातलं शीतही त्याने उचललं नव्हतं.

टाकीपाशी आई धापा टाकत थांबली. ठिणगीने विचारलं, "कारखाना बंद झाला तर?"

"माहीत नाही," आई म्हणाली. "मला खरंच माहीत नाही गं. उद्या पुन्हा विचारणार आहे. एकटी नाही, सगळ्याजणींना घेऊन. आणि जेवून जाणार आहे, भांडायला ताकद लागते."

इतक्या दिवसांत ठिणगीला कोणी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. ती घराकडे वळली नाही. तिने आईचा हात घट्ट धरला आणि टाकीच्या पलीकडे, जिथवर त्या दोघी कधीच गेल्या नव्हत्या, त्या रस्त्याला आईला ओढत नेलं.